शस्त्रक्रियेनंतर रात्री उतरलेला रक्तदाब: सलाईनची पुढची बाटली लावण्याआधी काय पाहावे?

प्रश्न: रात्रपाळीवरील वैद्यकीय अधिकारी

नमस्कार. मी तालुक्याच्या ठिकाणच्या पन्नास खाटांच्या एका रुग्णालयात निवासी वैद्यकीय अधिकारी म्हणून काम करते. एमबीबीएस होऊन दीड वर्ष झाले आहे. गेल्या महिन्यातील एका रात्रीविषयी अनुभवी मंडळींचे मत हवे आहे, कारण त्या रात्री मी जे केले ते पुरेसे नव्हते असे मला प्रामाणिकपणे वाटते.

रुग्ण ७२ वर्षांच्या आजी, वजन ४८ किलो. घरात पाय घसरून खुब्याचे हाड मोडले होते आणि त्यांचा अर्धा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया झाली. कमरेतून भूल दुपारी दीडच्या सुमारास दिली होती आणि तीन वाजता आजी वॉर्डमध्ये आल्या. त्यांना जुना उच्च रक्तदाब आहे. घरी टेल्मिसार्टन ४० मिग्रॅ आणि मेटोप्रोलॉल २५ मिग्रॅ चालू होते, आणि दोन्ही गोळ्या शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे दिल्या गेल्या होत्या. दाखल होताना रक्तदाब १४६/८२ होता आणि हिमोग्लोबिन १०.६.

रात्री साडेनऊला सिस्टरांनी बोलावले तेव्हा रक्तदाब ८४/४६ होता, नाडी ७४, ऑक्सिजन ९६ टक्के. आजी थोड्या गुंगीत होत्या, पण हाक मारल्यावर उत्तर देत होत्या. ड्रेनच्या (जखमेतील रक्त बाहेर काढणाऱ्या नळीच्या) बाटलीत जेमतेम ६० मिली रक्त होते, जखमेवरची पट्टी कोरडी होती. नाडी वाढलेली नाही आणि रक्तस्रावही दिसत नाही, म्हणून हा भुलेचा आणि उपाशी राहिल्याचा परिणाम असेल असे मी धरले आणि ५०० मिली सलाईन लावले. रक्तदाब ९८ वर आला आणि मला हायसे वाटले. तासाभराने तो पुन्हा ८२ झाला. मी आणखी ५०० मिली दिले आणि शल्यचिकित्सकांना फोन केला. त्यांनी फोनवरच आणखी एक बाटली लावायला सांगितले.

रात्री एक वाजता लघवीची पिशवी पाहिली तर शस्त्रक्रियेनंतर एकूण ४० मिली लघवी झाली होती. तेव्हा मी हिमोग्लोबिन पाठवले. ते ७.१ आले. पांघरूण काढून पाहिल्यावर ती मांडी दुसऱ्या मांडीपेक्षा स्पष्टपणे जाड आणि ताणलेली दिसली. आमच्याकडे रक्तपेढी नाही, त्यामुळे जिल्ह्याच्या ठिकाणाहून रक्त येईपर्यंत पहाटेचे चार वाजले. दोन पिशव्या रक्त दिल्यावर रक्तदाब ११८/६६ झाला. मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन १.९ पर्यंत वाढले आणि चार दिवसांत पूर्ववत झाले. आजी वॉकर घेऊन घरी गेल्या.

माझे प्रश्न असे आहेत. अशा वेळी विचार कोणत्या क्रमाने करावा? सलाईन किती आणि कुठपर्यंत द्यावे? रक्तदाब वाढवणारे औषध वॉर्डमध्ये, हाताच्या शिरेतून सुरू करता येते का? आणि नाडी ७४ असताना इतका रक्तस्राव होऊ शकतो हे माझ्या लक्षात का आले नाही?

उत्तर: भूलतज्ज्ञ, २२ वर्षांचा अनुभव

डॉक्टर, आपण सर्व आकडे जसेच्या तसे मांडलेत, त्यामुळे उत्तर देणे शक्य झाले. आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण सगळी रात्र तिथेच अडकली होती.

मेटोप्रोलॉल घेणाऱ्या रुग्णाची नाडी रक्त गेल्यावर अपेक्षेप्रमाणे वाढत नाही. शरीर धोक्याची घंटा वाजवू पाहते, पण त्या घंटेची तार औषधाने आधीच सैल केलेली असते. असे असूनही आपल्याच आकड्यांमध्ये इशारा होता. नाडीला वरच्या रक्तदाबाने भागले की जो अंक येतो, त्याला शॉक इंडेक्स म्हणतात. निरोगी प्रौढात तो साधारण ०.५ ते ०.७ असतो. ७४ भागिले ८४ म्हणजे ०.८८. दाखल होताना वरचा दाब १४६ होता, म्हणजे तेव्हा नाडी अगदी ८० धरली तरी हा अंक ०.५५ च्या आसपास येतो. नाडी स्थिर आहे असे आपल्याला वाटले. प्रत्यक्षात त्या दाबाच्या मानाने ती जास्त होती.

आता क्रमाविषयी. पहिली गोष्ट म्हणजे आकडा खरा आहे का ते पाहणे. दंडाला बांधायचा पट्टा, म्हणजे कफ, दंडाच्या मानाने मोठा असेल तर दाब खोटा कमी येतो, लहान असेल तर खोटा जास्त. कफच्या फुगणाऱ्या भागाची रुंदी दंडाच्या घेराच्या सुमारे ४० टक्के असावी. अठ्ठेचाळीस किलोच्या आजींना वॉर्डातला एकमेव मोठा कफ बांधला जातो, हे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे. हात हृदयाच्या पातळीत असावा. हात दहा सेंटिमीटर वर असेल तर दाब सात-आठ मिमीने कमी दिसतो. नाडी अनियमित असेल तर स्वयंचलित यंत्रावर विसंबू नये, स्टेथोस्कोप लावून हाताने मोजावे. हे सगळे करायला दोन मिनिटे लागतात. मात्र या दोन मिनिटांचा उपयोग आकडा खोटा ठरवण्यासाठी करू नये. दुसऱ्या हातावरही दाब कमीच आला की तो खरा मानून पुढे जावे.

दुसरी गोष्ट: सरासरी दाब काढावा. खालचा दाब अधिक दोन्हींतील फरकाचा एक तृतीयांश, म्हणजे आजींच्या बाबतीत ४६ अधिक १३, सुमारे ५९. ६५ च्या खाली बराच वेळ राहिलेला सरासरी दाब मूत्रपिंड आणि हृदय यांना इजा होण्याशी जोडलेला आहे. जुना उच्च रक्तदाब असलेल्या माणसाच्या अवयवांना तर त्याहून अधिक दाबाची सवय झालेली असते. दाखल होताना आजींचा सरासरी दाब १०३ होता. १०३ वरून ५९ म्हणजे चाळीस टक्क्यांहून अधिक घसरण. वरचा दाब ९० झाला की ठीक, हा नियम त्यांना लागू करणे चूक ठरते.

तिसरी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे रक्त अवयवांपर्यंत पोहोचते आहे का हे हाताने आणि डोळ्यांनी पाहणे. गुंगी ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामकामुळे आहे की मेंदूला रक्त कमी पडल्यामुळे? हातपाय कोमट आहेत की गार? गुडघ्यांवर निळसर जाळी दिसते का? बोटाचे टोक दहा सेकंद दाबून सोडले की रंग तीन सेकंदांच्या आत परत येतो का? लघवी दर तासाला किलोमागे अर्धा मिली, म्हणजे आजींसाठी २४ मिली तरी हवी होती. साडेसहा तासांत ती दीडशेच्या घरात असायला हवी होती. पिशवी साडेनऊला पाहिली असती, तर मला वाटते पुढचा सगळा विचार बदलला असता.

त्यानंतर कारणाकडे यावे. आमच्या भागातील शेतकऱ्याला शेवटच्या वाफ्यात पाणी पोहोचत नाही असे दिसले, तर तो चार गोष्टी तपासतो: विहिरीत पाणी आहे का, मोटर ओढते आहे का, पाइप कुठे तुंबला आहे का, आणि पाट फुटून पाणी पसरते आहे का. शरीरातही हेच चार मार्ग आहेत. विहीर आटणे म्हणजे रक्तस्राव, उपास, उलट्या, लघवीची औषधे. मोटर दुबळी होणे म्हणजे हृदयविकाराचा झटका, अनियमित ठोके, आधीपासून कमकुवत असलेले हृदय. शस्त्रक्रियेनंतरच्या हृदयाच्या इजेत बहुतेक रुग्णांच्या छातीत दुखतच नाही, त्यामुळे ईसीजी आणि शक्य असेल तिथे ट्रोपोनिन ही हृदयाची इजा दाखवणारी रक्ततपासणी करावी. तुंबणे म्हणजे फुफ्फुसात गेलेली रक्ताची गाठ किंवा छातीत दाबाखाली साठलेली हवा. यात ऑक्सिजन उतरतो, श्वास वाढतो, मानेच्या शिरा फुगतात. पसरणे म्हणजे रक्तवाहिन्या सैल होणे: कमरेतील भूल, एपिड्युरल (पाठीतील बारीक नळीतून दिलेली भूल), जंतुसंसर्ग, औषधाची तीव्र ॲलर्जी, टेल्मिसार्टनसारखी औषधे.

कमरेतील भुलेला दोष देण्यापूर्वी एक साधी तपासणी आहे: आजी पाय हलवू शकतात का आणि पोटावर बर्फाचा गारवा त्यांना कळतो का, ते पाहावे. दीड वाजता दिलेल्या एका मात्रेचा परिणाम रात्री साडेनऊपर्यंत राहत नाही. बोटे हलत असतील आणि संवेदना परत आली असेल, तर ते कारण यादीतून काढून टाकावे. टेल्मिसार्टनचे मात्र तसे नाही. त्याचा परिणाम चोवीस तास टिकतो. म्हणूनच या गटातील गोळ्या शस्त्रक्रियेच्या आदल्या चोवीस तासांत देऊ नयेत असे आम्ही सांगतो. बीटा ब्लॉकर, म्हणजे मेटोप्रोलॉलच्या गटातील औषध, आधीपासून चालू असेल तर तो एकाएकी तोडू नये, आणि नसेल तर शस्त्रक्रियेच्या दिवशी मोठ्या मात्रेत नव्याने सुरूही करू नये. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या पॉइज या आठ हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत अशा नव्याने सुरू केलेल्या मेटोप्रोलॉलमुळे हृदयविकाराचे झटके कमी झाले, पण पक्षाघात आणि मृत्यू वाढले, आणि त्यामागे उतरलेल्या रक्तदाबाचा मोठा वाटा होता. आजींच्या बाबतीत एकाच वेळी दोन गोष्टी घडत होत्या: टेल्मिसार्टनने वाहिन्या आकसू दिल्या नाहीत आणि मांडीत रक्त साठत गेले. एक कारण सापडले की दुसरे शोधणे थांबते, हा आपल्या सर्वांचा अनुभव आहे.

आता सलाईन. पाचशे मिली तासाभरात सावकाश सोडण्यापेक्षा २५० मिली रिंगर लॅक्टेट दहा-पंधरा मिनिटांत, जवळ उभे राहून द्यावे आणि लगेच पुन्हा मोजावे. दाब, नाडी, हाताची ऊब, छातीचा आवाज. सुधारणा झाली आणि टिकली तर ठीक. सुधारणा झाली आणि अर्ध्या-एक तासात ओसरली, तर त्याचा अर्थ फार स्पष्ट आहे: कुठेतरी गळती चालू आहे. नुसत्या क्षारांच्या द्रावाचा मोठा भाग थोड्याच वेळात रक्तवाहिन्यांबाहेर जातो, त्यामुळे ८४ वरून ९८ आणि पुन्हा ८२, हा चढउतार म्हणजे रक्तस्राव सिद्ध होईपर्यंत रक्तस्रावच. आपण त्या ९८ ला उत्तर समजलात. ते उत्तर नव्हते, पण तासाभराने आलेला ८२ हे नक्कीच उत्तर होते. त्या क्षणी हिमोग्लोबिन, क्रॉसमॅच (रक्त जुळवण्याची तपासणी) आणि शल्यचिकित्सकांना प्रत्यक्ष येण्याची विनंती या तिन्ही गोष्टी एकत्र व्हायला हव्या होत्या. दोनदा २५० मिली देऊन दाब टिकला नाही तर तिसऱ्याच्या आधी कारण लिहून काढावे, अशी सवय मी माझ्या विद्यार्थ्यांना लावतो.

पाय उचलून दाब वाढतो का हे पाहण्याची चाचणी चांगली आहे, पण खुब्याच्या ताज्या शस्त्रक्रियेनंतर पाय उचलला की दुखते आणि वेदनेनेच दाब वाढतो. अशा रुग्णात त्यावर विसंबू नये.

उत्तर: अतिदक्षता विभागातील परिचारिका

डॉक्टर सरांनी सांगितलेले सर्व मान्य करून मी फक्त वॉर्डच्या बाजूने काही सांगते, कारण अशा रात्रीची पहिली खूण बहुतेक वेळा आमच्या नोंदवहीत असते.

डॉक्टर, साडेनऊपूर्वीच्या नोंदी आपण पाहिल्या होत्या का? दुपारी १३२, मग ११८, मग १०६, मग ९८, आणि शेवटी ८४, अशी रांग मी कितीतरी रुग्णांच्या तक्त्यावर पाहिली आहे. यातील प्रत्येक आकडा लिहिणाऱ्या सिस्टरला एकेकटा बरा वाटलेला असतो. आकडे एकाखाली एक लिहिले की उतार दिसत नाही. आलेखावर टिंबे जोडली की लगेच दिसतो. ब्रिटनमध्ये २०१२ पासून वापरात असलेल्या न्यूज नावाच्या गुणपद्धतीत वरचा दाब १०१ ते ११० असेल तर एक गुण, ९१ ते १०० असेल तर दोन आणि ९० किंवा त्याखाली गेला तर तीन गुण देतात, आणि एकाच बाबीत तीन गुण आले की डॉक्टरने तातडीने पाहावे असा नियम आहे. आमच्या विभागात आम्ही तो तक्ता वापरतो. पण त्यातही एक उणीव आहे. रुग्णाचा नेहमीचा दाब किती, हे त्याला ठाऊक नसते. म्हणून आम्ही दाखल होतानाचा दाब लाल शाईने तक्त्याच्या माथ्यावर लिहितो.

ड्रेन रिकामा आहे म्हणजे रक्तस्राव नाही, असे कधीही मानू नये. नळीत गुठळी अडकते, बाटलीतील निर्वात निघून जातो, नळी रुग्णाच्या अंगाखाली दुमडते. पट्टीचेही तेच आहे: रक्त वरच्या बाजूला न दिसता मागे उतरते आणि कमरेखाली, चादरीत मुरते. दोघींनी मिळून रुग्णाला अलगद कुशीवर करावे, नव्या सांध्याचा पाय आत वळू नये म्हणून पायांत उशी ठेवावी, आणि पाठीखाली हात घालून पाहावे. दोन्ही मांड्यांचा घेर गुडघ्यापासून ठरावीक अंतरावर फितीने मोजून त्या जागी पेनाने खूण करावी. तासाभराने पुन्हा मोजले की अंदाज राहत नाही, आकडा हाती येतो.

लघवीची पिशवी दर तासाला मोजण्याचा आदेश कागदावर नसेल तर वॉर्डात ती पाळी संपताना मोजली जाते. यात आळस नाही. एका सिस्टरकडे वीस रुग्ण असतात. म्हणून ज्या रुग्णाची काळजी वाटते त्याच्यासाठी तो आदेश वेगळा लिहून द्यावा.

फोनविषयीही मनापासून सांगावेसे वाटते. 'सर, बीपी लो आहे' असे सांगितले की 'सलाईन लावा' हेच उत्तर येणार. त्याऐवजी असे सांगून पाहावे: 'खाट क्रमांक अमुक, खुब्याची शस्त्रक्रिया, सात तास झाले. नेहमीचा दाब १४६, आता ८२. एक बाटली दिल्यावर वाढून पुन्हा उतरला. सात तासांत लघवी ४० मिली. बीटा ब्लॉकर चालू असल्याने नाडी फसवी आहे. मला रक्तस्रावाचा संशय आहे, मी रक्त मागवते आहे, आपण येऊन पाहावे.' एवढे ऐकल्यावर घरी थांबणारे शल्यचिकित्सक मी तरी क्वचितच पाहिले आहेत.

उत्तर: अस्थिरोग शल्यचिकित्सक

त्या रात्री फोनवर बाटली लावायला सांगणारा शल्यचिकित्सक मी नव्हतो, पण मीही माझ्या उमेदीच्या काळात तसे सांगितलेले आहे आणि आज ते मला योग्य वाटत नाही. शस्त्रक्रिया करणाऱ्याने दुसऱ्यांदा उतरलेल्या दाबासाठी खाटेपाशी यायलाच हवे.

खुब्याच्या हाडाविषयी थोडे. सांध्याच्या आवरणाच्या आत मोडलेल्या हाडापेक्षा त्याच्या खाली, मांडीच्या वरच्या टोकाला मोडलेल्या हाडात रक्त अधिक जाते. परंतु दोन्हींत रुग्ण पडल्यापासून शस्त्रक्रिया होईपर्यंत आणि नंतरही स्नायूंच्या थरांत न दिसणारे रक्त साठत राहते. मांडीत एक लिटर रक्त फारशी बाह्य खूण न दाखवता मावू शकते. अठ्ठेचाळीस किलोच्या वृद्ध स्त्रीच्या शरीरात एकूण रक्त तीन लिटरच्या आसपास असते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या लिटरचा अर्थ कळतो. वर घरून येतानाच हिमोग्लोबिन १०.६. त्यांच्याकडे गमावण्यासारखे फारसे काही नव्हते.

हिमोग्लोबिनच्या आकड्याविषयी दोन गैरसमज दिसतात. एक म्हणजे ताज्या रक्तस्रावात ते लगेच उतरते असे मानणे. तसे होत नाही. जाते ते संपूर्ण रक्त, पेशी आणि पाणी दोन्ही. उरलेले पातळ व्हायला वेळ लागतो किंवा आपण सलाईन द्यावे लागते. त्यामुळे साडेनऊला पाठवलेला अहवाल कदाचित ९ आला असता आणि आपण त्यावर निर्धास्त झाला असता. पहिला अहवाल बरा आला तरी दोन तासांनी दुसरा पाठवावा. दुसरा गैरसमज ८ या मर्यादेविषयीचा आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या फोकस या चाचणीत खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतरच्या २०१६ रुग्णांचा अभ्यास झाला. ज्यांना हिमोग्लोबिन १० च्या खाली गेल्यावर रक्त दिले आणि ज्यांना ८ च्या खाली गेल्यावर किंवा लक्षणे दिसल्यावर दिले, अशा दोन गटांत चालण्याची क्षमता आणि मृत्यू यांत फरक दिसला नाही. या चाचणीमुळे अनावश्यक रक्त देणे कमी झाले, हे चांगलेच. पण 'किंवा लक्षणे दिसल्यावर' हे शब्द वाचताना गळतात. द्रव देऊनही न सुधारणारा रक्तदाब हे त्यांतलेच एक लक्षण आहे. रक्तस्राव चालू असलेल्या रुग्णाला ८ ची वाट पाहायला लावणे त्या चाचणीने कुठेही सांगितलेले नाही.

हाडात भरायच्या सिमेंटमुळेही दाब एकदम कोसळतो, परंतु तो सिमेंट भरताना किंवा त्यानंतर लगेच, शस्त्रक्रियागृहातच. सहा-सात तासांनी वॉर्डात उतरलेल्या दाबाचे खापर सिमेंटवर फोडू नये. रात्री रक्त न गोठण्याचे इंजेक्शन द्यायचे ठरले असेल तर दाबाचे कारण कळेपर्यंत ती मात्रा थांबवावी आणि मला विचारावे.

एका मुद्द्यावर मी भूलतज्ज्ञ मित्रांना सावध करू इच्छितो. रक्तदाब वाढवणाऱ्या औषधाची वॉर्डात सोय झाली की आकडा सुंदर दिसतो आणि मांडी भरतच राहते. माझा त्या औषधाला विरोध नाही, पण ते सुरू करताना मला फोन झालेला असावा.

उपप्रश्न: रुग्णाचे नातेवाईक

मी डॉक्टर नाही, तरीही विचारतो. माझ्या वडिलांची हर्नियाची शस्त्रक्रिया झाली. झोपलेले असताना त्यांचा रक्तदाब १२४ होता, सर्व ठीक म्हणून सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी स्नानगृहात जायला उठले आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडता पडता वाचले. मग मोजलेला रक्तदाब ठीक कसा?

उत्तर: भूलतज्ज्ञ

आपण विचारलेत ते बरे केलेत. आपल्या वडिलांचा आडवे असतानाचा दाब ठीक होता आणि उभे राहिल्यावरचा नव्हता. उभे राहिल्यानंतर तीन मिनिटांच्या आत वरचा दाब २० किंवा खालचा १० ने उतरला तर त्याला महत्त्व द्यावे लागते. उपास, कमी पाणी, वेदनाशामक औषधे आणि रात्रभर आडवे राहणे यांनी तो उतरतो. लघवी अडू नये म्हणून प्रोस्टेटसाठीची टॅमसुलोसिनसारखी गोळी चालू असेल तर तिच्यानेही उतरतो; ती चालू आहे का, हे वॉर्डच्या डॉक्टरांना जरूर विचारावे. पहिल्यांदा उठवताना आधी खाटेवर पाय खाली सोडून दोन-तीन मिनिटे बसवावे, पावले वर-खाली हलवायला सांगावे, चक्कर नाही असे दिसले की एका बाजूने धरून उभे करावे. एकट्याने स्नानगृहात जाऊ देऊ नये. मात्र बसल्यावरही अंधारी येत असेल, पोट फुगत किंवा जखमेभोवती सूज वाढत असेल, तर ही केवळ उठण्याची चक्कर समजू नये आणि सिस्टरांना लगेच बोलवावे.

प्रश्नकर्तीकडून

सर्वांचे मनःपूर्वक आभार. त्या रात्रीच्या नोंदी मी पुन्हा काढून पाहिल्या. सायंकाळी पाच वाजल्यापासूनच दाब प्रत्येक वेळी दहा-बाराने उतरत होता आणि मी फक्त शेवटचा आकडा पाहिला होता. आजींचे पाय साडेनऊला व्यवस्थित हलत होते, हेही मला आठवते. म्हणजे भुलेचे कारण मी तिथेच बाद करू शकले असते. आमच्याकडे रक्त यायला तीन तास लागतात. त्या तीन तासांत रक्तदाब वाढवणारे नॉरॲड्रेनॅलिन हाताच्या शिरेतून द्यावे का, यावर कृपया स्पष्ट सांगावे. आमच्याकडे मेफेन्टरमिनही असते.

उत्तर: भूलतज्ज्ञ

मेफेन्टरमिन ३ ते ६ मिग्रॅ शिरेतून देणे हे काही मिनिटांची सोय करते. कमरेतील भुलेने उतरलेल्या दाबासाठी आम्ही ते रोज वापरतो. ते मुख्यतः शरीरातील साठवलेले नॉरॲड्रेनॅलिन बाहेर काढते, त्यामुळे पुन्हा पुन्हा दिले की परिणाम घटत जातो. रक्तस्रावाच्या रुग्णाला रात्रभर दर वीस मिनिटांनी ते देत राहणे हा उपचार नव्हे.

नॉरॲड्रेनॅलिन हाताच्या शिरेतून सुरू करता येते. जंतुसंसर्गाने उतरलेल्या दाबासाठीच्या २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही, मानेतील मोठ्या शिरेत नळी घालण्याची वाट पाहत थांबण्यापेक्षा थोड्या काळासाठी कोपराच्या खळीतील किंवा त्याहून वरच्या मोठ्या शिरेतून सुरू करावे असे सुचवले आहे. शीर नव्याने घेतलेली आणि व्यवस्थित वाहणारी असावी, मनगटाची किंवा हाताच्या पंजाची नसावी, आणि कफ दुसऱ्या हाताला बांधावा. औषध पातळ असावे: ४ मिग्रॅ २५० मिली पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्ये, म्हणजे एका मिलीत १६ मायक्रोग्रॅम. आजींच्या ४८ किलो वजनाला किलोमागे मिनिटाला ०.०५ मायक्रोग्रॅमने सुरुवात करायची तर तासाला ९ मिली होतात. इथे एक गोष्ट नीट पाहावी: काही कुप्यांवर बायटार्ट्रेट या क्षाराचे वजन छापलेले असते आणि काहींवर मूळ औषधाचे. क्षाराचे २ मिग्रॅ म्हणजे मूळ औषधाचे १ मिग्रॅ. वरचा हिशेब मूळ औषधाचा आहे. आपल्या रुग्णालयात कोणती कुपी येते ते दिवसा पाहून औषधाच्या कपाटावर लिहून ठेवावे. रात्री दोन वाजता हा हिशेब करायला लावू नये.

सिरिंज पंप किंवा इन्फ्युजन पंप नसेल तर सुरू करू नये. नुसत्या थेंबांवर हे औषध सोडणे धोक्याचे आहे. त्याच नळीतून दुसरे कोणतेही इंजेक्शन ढकलू नये, कारण नळीत साठलेले औषध एकदम आत जाते आणि दाब दोनशेवर उसळतो. दर पंधरा मिनिटांनी शिरेची जागा पाहावी. त्वचा पांढरी पडली, सूज आली किंवा दुखू लागले तर लगेच दुसऱ्या हाताकडे वळावे. लक्ष्य सरासरी दाब ६५, आणि आजींसारख्या जुन्या उच्च रक्तदाबाच्या रुग्णात लघवी सुरू होत नसेल तर ७५ पर्यंत नेऊन पाहावे. दर मिनिटाला, किलोमागे ०.१५ मायक्रोग्रॅमच्या वर जाण्याची वेळ आली तर आपल्या रुग्णालयात थांबवून ठेवणे योग्य नाही, रुग्णवाहिका बोलवावी.

शल्यचिकित्सकांचा इशारा मला पूर्णपणे मान्य आहे. रिकाम्या विहिरीवर मोटरचा जोर वाढवून पाणी येत नाही. हे औषध फक्त रक्त रस्त्यात असतानाच्या तीन तासांसाठी मेंदू, हृदय आणि मूत्रपिंड जपते. म्हणून क्रम असा ठेवावा: आधी रक्तपेढीला फोन, मग शल्यचिकित्सकांना, मग पंप. आणि पंप लावल्यावर आकडा १२० दिसू लागला, तरी रक्त आणायला निघालेल्या माणसाला अर्ध्या रस्त्यातून परत बोलावू नये.